प्रेसवर बोटं गेली, ठेकेदार ऐंशी हजार देतोय: सही करावी का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. भाऊ २२ वर्षांचा, लातूरकडून आलेला, चाकणजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये (यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) ठेकेदारामार्फत सात महिने कामाला होता. नऊ दिवसांपूर्वी रात्रपाळीत उजवा हात पॉवर प्रेसखाली आला आणि तर्जनी, मधलं बोट व अनामिका मुळापासून गेली. कंपनीच्या माणसांनी खासगी दवाखान्यात भरती केलं, बिल कंपनी भरते आहे. पगार १६ हजार, त्यातले ११ बँकेत आणि बाकीचे रोख. ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, कार्ड त्याने कधी पाहिलेलंच नाही. आता ठेकेदार म्हणतो, डिस्चार्जच्या दिवशी ८० हजार घ्या, स्टॅम्प पेपरवर सही करा आणि गावी जा. मशीनचा सुरक्षेचा सेन्सर तुमच्या भावानेच बंद केला होता, केस केलीत तर त्याच्यावरच उलटेल.

सही करू नका. त्याची नको, तुमची नको, वडिलांची नको. उजव्या हाताला बँडेज आहे म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतात, तोही देऊ नका. कोरा कागद तर हातातसुद्धा घेऊ नका. पैशाची आत्ता नड असेल आणि ठेकेदार घरखर्चाला काही देत असेल तर घ्या, पण साध्या पावतीवर: 'उपचारकाळातील खर्चासाठी आगाऊ' एवढंच लिहून, तारखेसह, आणि त्या पावतीची एक प्रत स्वतःकडे ठेवून.

भोसरी, चाकण, पिंपरी भागातल्या जखमी कामगारांचे दावे मी चालवते. ते स्टॅम्प पेपर मी इतके पाहिलेत की मजकूर पाठ झाला आहे. माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, मशीन व्यवस्थित होतं, कंपनीने माणुसकीच्या नात्याने उपचार केले, अमुक रक्कम मिळाली, यापुढे माझी किंवा वारसांची कोणतीही तक्रार राहणार नाही. मधे कुठेतरी कामावर रुजू झाल्याची तारीख घातलेली असते, ती बहुतेक वेळा अपघाताच्या आसपासची. पगाराचा आकडाही असतो आणि तो खऱ्यापेक्षा कमी असतो. कामगाराचा भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे; १९२३च्या भरपाई कायद्याच्या कलम १७ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळे सही झाली म्हणून सगळं संपलं असं नाही, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आधीच सही करून बसलं असेल तर त्यांनी धीर सोडू नये. पण हक्क गेला नाही तरी पुरावा मात्र जातो. चूक माझी, पगार एवढा, रुजू तारीख ही, असं स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं पुढे दोन-तीन वर्षं खोडत बसावं लागतं.

आता ८० हजार म्हणजे नेमके किती, ते मांडून बघू. भरपाई कायद्याचं गणित अवघड नाही. कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर मासिक पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त १५ हजार धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० पासून आहे. २२व्या वर्षाचा गुणक २२१.३७. म्हणजे ९,००० गुणिले २२१.३७, बरोबर १९,९२,३३०. कायद्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गेल्यावर कमाईची ताकद किती टक्के घटते याचा तक्ता आहे. एका हाताची तीन बोटं गेली तर ३० टक्के, दोन गेली तर २०, चारही गेली तर ५०, अंगठा गेला तर ३०. तुमच्या भावाचे ३० टक्के धरले तर ५,९७,६९९ रुपये होतात. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, आणि ही रक्कम एक महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज, वर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. ठेकेदाराला हे गणित माहीत आहे. म्हणूनच तो डिस्चार्जच्याच दिवशी येतो.

पण तुमच्या भावाची खरी वाट बहुधा ही नाहीच. ती ईएसआयची आहे, आणि माझ्या मते ती जास्त मोलाची आहे.

दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये येतोच. मालकाने नाव नोंदवलं की नाही, वर्गणी भरली की नाही, यावर कामगाराचं विमाधारक असणं अवलंबून नसतं. ज्याच्यासाठी वर्गणी भरायला हवी होती तो विमाधारक. मालकाने भरली नसेल तर ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देतं आणि पैसे मालकाकडून वसूल करतं. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ कारखान्याची जबाबदारी सुटत नाही. कामावरच्या इजेसाठी 'इतके महिने वर्गणी भरलेली हवी' अशी अटही नाही, कामाच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. 'कार्ड नाही म्हणजे ईएसआय नाही' हे वाक्य चाकणच्या प्रत्येक प्रेस शॉपमध्ये ऐकायला मिळतं आणि ते साफ खोटं आहे. जखमी कामगारांसाठी काम करणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या अपघातांवर २०१९ पासून अहवाल काढते आहे. बोटं गेलेल्यांत पॉवर प्रेसवरचे सर्वाधिक, आणि कार्ड अपघातानंतरच हाती पडलेले कितीतरी, हे त्यातही पुन्हापुन्हा येतं.

ईएसआयमधून काय मिळतं? जखम भरून कामावर जाण्याइतका होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम, तीही मुदतीच्या बंधनाशिवाय. त्यानंतर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा पैसे सुरू होतात, ते तो जिवंत असेपर्यंत. १६ हजारांवर ९० टक्के म्हणजे १४,४००. त्याचे ३० टक्के म्हणजे महिन्याला साधारण ४,३०० रुपये. वाढत्या महागाईप्रमाणे महामंडळ त्यात अधूनमधून वाढही करतं. भाऊ ६० वर्षांचा होईपर्यंतची बेरीज वाढ न धरताही साडेएकोणीस लाखांच्या वर जाते, आणि त्यानंतरही पैसे बंद होत नाहीत. लोकांचा एक गैरसमज असतो की दुसरीकडे नोकरी लागली की हे पेन्शन थांबतं. थांबत नाही. तो उद्या गावात दुकान टाको, नाहीतर दुसऱ्या कंपनीत चांगल्या पगारावर लागो, अपंगत्वाचे पैसे चालूच राहतात. इजेमुळे विमापात्र नोकरी सुटली तरी अगदी नाममात्र वर्गणीवर त्याची आणि पत्नीची दवाखान्याची सोय पुढे चालू ठेवता येते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ईएसआय लागू असेल तर त्याच इजेसाठी भरपाई कायद्याखाली दुसरा दावा चालत नाही. दोन्ही मिळत नाहीत. काही एजंट दवाखान्याच्या दारात 'दोन्ही काढून देतो' म्हणून टक्केवारी ठरवतात, त्यांच्या नादी लागू नका. भरपाईचा दावा करायची वेळ आलीच, म्हणजे कारखाना खरोखर ईएसआयच्या बाहेर निघाला, तर तो अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल झालाच पाहिजे असं धरून चाला. पुण्यात हे दावे कामगार न्यायालयात चालतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि या दोन्ही कायद्यांतल्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या. कलमांचे क्रमांक बदलले, वर सांगितलेला टक्क्यांचा तक्ता आणि गुणकाची पद्धत तीच आहे. कुणी 'जुना कायदा गेला, आता काही मिळत नाही' म्हणालं तर मानू नका.

आता सगळ्यात तातडीचं काम. आजच दवाखान्यात जा आणि केस पेपरवर अपघाताची हकिगत काय लिहिली आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. भरती करताना डॉक्टर विचारतात 'कसं झालं?' आणि उत्तर देतो तो कंपनीचा माणूस, कारण भाऊ त्या वेळी वेदनेने बेशुद्धीच्या काठावर असतो. 'घरी चारा कापायच्या यंत्रात हात गेला', 'दुचाकीच्या चेनमध्ये बोटं अडकली', असं लिहिलेले केस पेपर मी कोर्टात हाताळले आहेत. त्या एका ओळीने कामावरची इजा घरगुती अपघात होऊन बसते आणि आयुष्यभराचं पेन्शन तिथेच तुटतं. चुकीचं लिहिलं असेल तर डॉक्टरांना लेखी अर्ज द्या: रुग्ण शुद्धीवर आहे, त्याची हकिगत त्याच्या तोंडून नोंदवून घ्या. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. बरेच डॉक्टर ऐकतात. आधीची नोंद खोडून नव्हे, पण खाली पुरवणी नोंद करून देतात, आणि ती पुरते. एमएलसी, म्हणजे पोलिसांना दवाखान्याने द्यायची खबर, दिली आहे का हेही विचारा. दिली नसेल तर तुम्ही स्वतः हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. यंत्राबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे आणि त्यातून गंभीर दुखापत झाली तर त्याचं वेगळं कलम आहे. पोलीस टाळाटाळ करतील, 'कंपनी मॅटर आहे, आपसात मिटवा' म्हणतील. तक्रारीच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

दुसरा कागद म्हणजे ईएसआयला जाणारा अपघात अहवाल, फॉर्म १२. तो मालकाने २४ तासांत भरून शाखा कार्यालयाला पाठवायचा असतो. नऊ दिवस झाले, पाठवला नसावा. कंपनीच्या आणि ठेकेदाराच्या नावाने रजिस्टर पोस्टाने एक पत्र पाठवा, चार ओळींचं: अमुक तारखेला, अमुक पाळीत, अमुक मशीनवर अपघात झाला, अपघात अहवाल पाठवल्याची प्रत द्या. तेच पत्र ईएसआयच्या शाखा कार्यालयात नेऊन द्या. कंपनी हलली नाही तरी जखमीचं लेखी निवेदन कार्यालयाने घ्यायचं असतं. भावाचा आयपी नंबर, म्हणजे ईएसआयचा विमाधारक क्रमांक, काढला गेला आहे का ते तिथेच कळेल. पुष्कळदा असं होतं की अपघातानंतर दुसऱ्या दिवशी घाईघाईने नंबर काढतात आणि रुजू तारीख अपघाताच्याच दिवसाची टाकतात. तसं निघालं तर घाबरू नका, उलट ते सात महिने लपवल्याचं लक्षण आहे. फक्त त्याच्याबरोबर दाखवलेला पगार तपासा. ११ हजारच दाखवले असतील तर ९० टक्के ११ हजारांचे निघतील आणि जन्मभराचं पेन्शन तेवढ्याने खाली येईल. खऱ्या पगाराचा पुरावा द्यावा लागेल.

पुरावा कुठून आणायचा? ठेकेदाराच्या कामगाराकडे नेमणूकपत्र नसतं, हे मी गृहीतच धरते. पण त्याच्या फोनमध्ये खूप काही असतं. सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोजचं प्रॉडक्शन टाकलेलं असतं, पाळी बदलल्याचे निरोप असतात, मशीनपुढे काढलेला फोटो असतो. गेट पास, कॅन्टीनचं कुपन, पीएफचा नंबर, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, खोलीवर एकत्र राहणाऱ्या पोरांची नावं. फोन आधी ताब्यात घ्या आणि ग्रुपमधून काढून टाकायच्या आत सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. ते काढतात, आणि लवकर काढतात.

आता सेन्सरबद्दल. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमचा भाऊ स्वतःला दोषी मानतोय असं तुम्ही लिहिलं आहे.

भावाला एवढंच विचारा: प्रेस पिन क्लचचा होता की हवेच्या क्लचचा? पायाच्या पॅडलवर चालत होता की दोन हातांच्या बटणांवर? जुन्या पिन क्लच प्रेसमध्ये एकदा पॅडल दाबलं की क्लचची चावी फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे फिरत्या जड चाकात, बसते आणि रॅम (वरून आदळणारा भाग) पूर्ण खाली जाऊन वर आल्याशिवाय मधे थांबवता येत नाही. त्यामुळे अशा प्रेसला नुसता प्रकाशाचा पडदा, म्हणजे ज्याला सगळे सेन्सर म्हणतात तो, लावूनही उपयोग नसतो. हात दिसला तरी रॅम थांबायला मार्गच नाही. तिथे हात आत जाऊच नये असा पक्का गार्ड किंवा बंद डाय (साचा) हाच उपाय. चावी झिजली, स्प्रिंग तुटली किंवा ब्रेकचा पट्टा ढिला झाला की पॅडल एकदा दाबल्यावर रॅम दोनदा येतो. ऑपरेटर लोक याला 'डबल मारला' म्हणतात. पहिल्या स्ट्रोकनंतर जॉब, म्हणजे दाबून झालेला भाग, काढायला हात आत गेलेला असतो, आणि दुसरा स्ट्रोक कुणी मागितलेलाच नसतो. बोटं जाण्याच्या ज्या घटना मी ऐकते त्यांतल्या कितीतरी या डबलच्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकीत पोरगा सांगतो की दोन-तीन दिवस आधीपासून मशीन डबल मारत होतं, सुपरवायझरला सांगितलं होतं, 'एवढी लॉट होऊ दे' म्हणाले. तुमच्या भावाने असं कुणाला सांगितलं होतं का, ते विचारा. कुणाला, कधी, शेजारी कोण होतं, सगळं लिहून काढा. व्हॉट्सअॅपवर सांगितलं असेल तर तो सोन्यासारखा पुरावा आहे.

हवेच्या क्लचच्या प्रेसला दोन हातांची बटणं आणि सेन्सर नीट चालतात. पण सेन्सर चालू असला की प्रत्येक जॉबमागे क्षणभर वेळ जातो, तासाचं टार्गेट गाठता येत नाही. सेन्सर बंद करायची किल्ली कुणाकडे असते? पॅनेलला कुलूप असतं, किल्ली मशीन लावून देणाऱ्या सेटरकडे किंवा सुपरवायझरकडे. सात महिन्यांच्या हेल्परकडे ती नसते. पॅनेल उघडून बायपास करणं हे त्याचं काम नाही आणि त्याला ते शिकवलेलंही नसतं. दोन बटणांपैकी एक टेप लावून दाबून ठेवलेलं असेल तर ते रात्रपाळीतल्या सगळ्यांनी पाहिलेलं असतं, सुपरवायझरनेही. पाहून जे चालू दिलं ते मालकाच्या संमतीनेच चाललं.

कायदा काय म्हणतो तेही सांगते. भरपाई कायद्यात मालकाला मोजके बचाव आहेत: कामगार दारूच्या नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढणं. जाणूनबुजून हे मालकाने सिद्ध करायचं. घाईत, थकव्यात, ओव्हरटाइमच्या चौथ्या तासाला झालेली चूक ही यांत बसत नाही. आणि हे बचावसुद्धा मृत्यू किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वाच्या वेळी चालत नाहीत. ईएसआयमध्ये तर एखादा नियम मोडून काम करताना अपघात झाला, पण ते काम मालकाच्याच धंद्यासाठी चाललं होतं, तर ती कामावरचीच इजा धरतात. कारखान्यांच्या कायद्यात १९४८ पासून धोकादायक भागाला कुंपण घालायची जबाबदारी मालकाची आहे. कामगाराने लक्ष ठेवावं ही अपेक्षा गार्डची जागा घेऊ शकत नाही. 'त्याच्यावरच उलटेल' ही नुसती धमकी आहे.

म्हणूनच औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, लोकांच्या भाषेत फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे, याच आठवड्यात लेखी तक्रार द्या. अठ्ठेचाळीस तास किंवा जास्त कामावर येता येणार नाही अशा अपघाताची खबर कारखान्याने त्यांना द्यायचीच असते. तक्रारीत एक वाक्य आवर्जून घाला: मशीनची दुरुस्ती किंवा फेरफार होण्याआधी तपासणी करावी. नवा गार्ड बसवून, रंग मारून मग पंचनामा झाला तर हाती काही लागत नाही. डबल मारणाऱ्या मशीनची झिजलेली चावी दुसऱ्याच दिवशी भंगारात जाते.

तुम्ही विचारलंत की बोटं पिशवीत घालून नेली होती, तरी जोडली का नाहीत. तुमच्याकडून काही राहून गेलं म्हणून नाही. धारदार पात्याने साफ कापलेलं बोट जोडता येण्याची शक्यता बरी असते. प्रेसखाली मात्र बोट चिरडलं जातं, रक्तवाहिन्या आणि नसा लांबपर्यंत फाटतात, तिथे सर्जनला शिवायला काही उरत नाही. पण हे वाचणारे जे प्रेस शॉपमध्ये आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा, हळद-तेल-शाई काही लावायचं नाही, उरलेल्या बोटातली अंगठी लगेच काढायची. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बंद, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बोट थेट बर्फावर ठेवलं की ते गोठून मरतं. थंड ठेवलेलं बोट बारा तासांपर्यंत, कधी त्याहून जास्तही टिकतं. मनगटापासून वरचा हात असेल तर सहाच तास धरा. हाताच्या सर्जनकडे थेट जायचं, तीन दवाखाने फिरायचे नाहीत.

पुढचा टप्पा वैद्यकीय मंडळाचा. जखम पूर्ण भरल्यावर आणि फिजिओथेरपी झाल्यावर तिथे बोलावतात. ही भेट काही मिनिटांची असते आणि तिच्यावर पुढची सगळी वर्षं ठरतात, म्हणून भावाला तयार करून पाठवा. आमची पोरं तिथे जाऊन 'बरं आहे साहेब' म्हणतात. लाजेने हात खिशात घालतात. त्याने खरं ते सगळं सांगायचं: उजवा हात कामाचा आहे, पकड उरली नाही, करंगळी वाकत नाही, टोकाला स्पर्श झाला की करंट बसल्यासारखं होतं, थंडीत ठणका लागतो, नसलेलं बोट अजून दुखतं. हे शेवटचं त्याला वेडेपणाचं वाटत असेल. तसं नाही, तोडलेल्या अवयवाच्या वेदना डॉक्टरांना चांगल्या माहीत असतात. एक्स-रे, ऑपरेशनच्या नोंदी, हाताचे दोन्ही बाजूंनी फोटो सोबत न्या. मंडळाने तक्त्यातले ३० टक्के दिले आणि उरलेला अंगठा व करंगळीही आखडलेली असतील तर ते कमी आहेत. निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत अपील करता येतं. तक्त्यातला आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. सत्तरच्या दशकात प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबता या भरपाई कायद्याखालच्या खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर तोडावा लागला होता. तक्त्याप्रमाणे ते अंशतः अपंगत्व होतं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणजे या माणसाची कमाईची ताकद पूर्ण गेली, आणि शंभर टक्के भरपाई कायम केली. बोट किती गेलं यापेक्षा काम कोणतं गेलं, हे बघायला न्यायालयांनी तेव्हापासून सुरुवात केली. भरपाईच्या दाव्यात हा निवाडा मी आजही पहिल्या पानावर लावते.

अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र, यूडीआयडी, ही वेगळी गोष्ट आहे. त्यातले टक्के शरीराच्या अपंगत्वाचे असतात, कमाईच्या ताकदीचे नाहीत, आणि बऱ्याच सवलतींसाठी तिथे ४० टक्के लागतात. तेही काढून घ्या, पण तिथला आकडा कमी आला म्हणून ईएसआयच्या दाव्यात खचू नका. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे.

नोकरीचं म्हणाल तर तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे चालू असताना मालकाला त्याला काढता येत नाही. ठेकेदार तोंडी 'येऊ नको' म्हणेल, गेट पास बंद करेल. बरा झाल्यावर फिटनेसचा कागद घेऊन भावाने गेटवर जावं आणि प्रेसऐवजी तपासणी, पॅकिंग किंवा स्टोअरचं काम लेखी मागावं. मिळेलच असं मी सांगू शकत नाही. खासगी कारखान्यात हलकं काम मिळवणं अवघड जातं. पण मागणीचा कागद नसला तर 'तोच सोडून गेला' असं लिहून मोकळे होतात. त्याला लातूरला नेण्याची घाईही करू नका. गावी जाऊन आराम करावा असं सगळ्यांना वाटतं, साहजिक आहे, पण पहिले दोन-तीन महिने इथल्या दवाखान्याची हजेरी, फिजिओथेरपी आणि कार्यालयाच्या फेऱ्या चुकल्या की दावा रखडतो. राहायची अडचण असेल आणि गावीच जायचं असेल तर आधी ईएसआयच्या डॉक्टरांकडून रजेचं सर्टिफिकेट आणि गावाजवळच्या केंद्रात बदलीची नोंद करून घ्या.

वकिलाच्या फीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ते मनात असणारच. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळायचा हक्क आहे. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज द्यायचा. भावाच्या नावाने अर्ज करा, कारण हक्क कामगाराचा आहे. तुमच्या पगाराची चौकशी तिथे होऊ नये.

डिस्चार्जच्या दिवशी ठेकेदार येईल तेव्हा एकट्या राहू नका, घरातलं एखादं थोरलं माणूस बरोबर ठेवा. तो कागद पुढे करेल तेव्हा वाद घालू नका. 'वाचायला घरी नेतो' म्हणा आणि फोटो काढून घ्या. बहुतेक वेळा तो कागद परत खिशात जातो. दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, एक्स-रेची फिल्म आणि हकिगतीच्या पानाची झेरॉक्स एवढं हातात असलं पाहिजे. बिल कंपनीने भरलं असलं तरी कागद रुग्णाचे आहेत, ते देणार नाही म्हणाले तर लेखी मागा. भावाचं डाव्या हाताने सही करणं आत्ताच सुरू करा आणि बँकेत नवी सही नोंदवून घ्या, नाहीतर पैसे खात्यात येऊनही काढता येणार नाहीत.